मैदानाकडे पाठ

ज्या दिवशी वस्ताद मैदानाकडे तोंड करून बसले, तो मंगळवार होता. गावचा बाजार होता. सामना तिसऱ्या प्रहरी सुरू व्हायचा होता. वस्तादांनी सरकीचे पोते उचलले, फिरवले आणि त्यावर बसले. गावाने ते पाहिले.

एवढ्याने काय बदलले, हे सांगायचे तर आधी वस्ताद सांगायला हवेत.

ते धंद्याने पिंजारी. गाद्यांचा, रजयांचा कापूस पिंजून द्यायचा हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काम. मशिदीच्या मागच्या बोळात त्यांचे घर होते. पुढच्या खोलीत आढ्याला टांगलेली कमान, तिला ताणून बांधलेली आतड्याची तात, आणि त्या तातीवर मारायची लाकडी मोगरी. तात कापसात बुडवून मोगरी मारली की एक घुमणारा आवाज निघे आणि कापूस उडून पांढरा ढग होई. त्या ढगात वस्ताद बसलेले असत. त्यांच्या भुवयांत बाराही महिने कापूस असे. त्या कापसाखाली काळ्या होत्या की पिकलेल्या, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. मी अमरावतीहून मास्तरकीची परीक्षा होऊन ज्ञानगंगेच्या काठच्या त्या गावी आलो, तेव्हा माझ्याबरोबर एक पुस्तकांची पेटी आणि एक गादी होती. गादीत गोळे झाले होते म्हणून ती वस्तादांकडे नेली. त्यांनी ती उसवली, मूठभर कापूस काढून बोटांत चोळला आणि विचारले, "मास्तर, हे कोनं पिंजली?"

मी म्हणालो, "अमरावतीच्या एका पिंजाऱ्याने."

"त्या दिवशी त्याचं बायकोसंग भांडन झालं व्हतं."

"तुम्हाला कसे कळले?"

"मोगरी रागानं मारली हाय. पाहा ना, गाठीच गाठी."

ते हसले नाहीत. गादी पिंजायला घेतली. ही त्यांची माझी पहिली ओळख.

कापूस पिंजणे हे त्यांचे पोट होते. आट्यापाट्या हे त्यांचे बाकी सगळे होते. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखायच्या आणि त्यांच्या मधोमध एक उभी, ती सूरपाटी. प्रत्येक आडव्या पाटीवर एकेक गडी अडवायला उभा राहतो. पहिल्या पाटीवरच्याला सूरपाटीवरूनही धावायची मुभा असते. समोरच्या संघाने अंगाला हात लागू न देता सगळ्या पाट्या हुकवून पलीकडे जायचे आणि तसेच परत यायचे. परत आलेला गडी लोण घेऊन आला म्हणतात. ज्याची लोणे जास्त, तो जिंकला.

आमच्या भागात आठ गावांत ढालीसाठी सामने होत. कापूस वेचून झाला की दिवाळीनंतर सुरू, आणि होळीच्या आत संपलेले. पिंपळगाव राजाचा संघ असे, सोनाळ्याचा असे, धाडचा संघ घाट उतरून येई. आमच्या गावाने ती ढाल कधी जिंकली नव्हती.

वस्ताद आमच्या संघाला शिकवत आणि सामन्याच्या वेळी मैदानाकडे पाठ करून बसत.

हे ऐकून कोणीही हसतो. मीही हसलो होतो. सरकी भरलेले एक पोते ते स्वतः खांद्यावर घेऊन येत, मैदानाच्या कडेला ठेवत आणि नदीकडे तोंड करून त्यावर बसत. मागे अठरा गडी धावत असत, धूळ उडत असे, गाव ओरडत असे. वस्ताद नदीकडे पाहत आणि अधूनमधून ओरडत, "तिसरी, धर! सहावी, सोड!" तिसऱ्या पाटीवरचा गडी त्याच क्षणी झेप घेई आणि समोरचा त्याच्या हातात सापडलेला असे. सहाव्या पाटीवरचा आपल्या जागी राही आणि त्याला चकवू पाहणारा स्वतःच चकत असे.

ते पाय ऐकत. त्यासाठी त्यांनी आमच्या मैदानावर जे केले होते ते मला दुसऱ्या वर्षी कळले, कारण पोरांबरोबर मीही टोपल्या वाहिल्या. दसऱ्यानंतर पाट्या आखताना प्रत्येक पाटीची माती ते वीतभर खणून काढत आणि तीत काहीतरी वेगळे मिसळून पुन्हा ठोकत. एकीत नदीची वाळू, एकीत विटांचा चुरा, एकीत राख, एकीत सरकीची टरफले. वर सारखेच पाणी मारत. डोळ्यांना नऊ पाट्या एकसारख्या दिसत. वस्तादांच्या कानाला त्या नऊ वेगळ्या होत्या. परगावी सामना असला की ते उजाडताच तिथे पोचत आणि अनवाणी सगळ्या पाट्यांवरून दोनदा चालत. यजमान गावचे लोक दात घासत उभे राहून पाहत.

सोनाळ्याच्या लोकांना एकदा खात्रीच झाली की त्यांच्या पानाच्या डब्यात आरसा आहे. सामना थांबवून त्यांनी डबा पाहायला मागितला. वस्तादांनी दिला. आत पान, चुना, कात, आणखी काही नाही. देताना म्हणाले, "आरसा असता त मी ह्या मिशा ठेवल्या असत्या का बे?" त्यांच्या मिशा खरोखर वाईट होत्या. सोनाळ्याचे लोक हसले आणि सामना हरले.

मी एकदा विचारले, "वस्ताद, पाहिलेत तर काय बिघडेल?"

"डोये फसवतेत, मास्तर. डोयाले जो कुदते तोच दिसते. पाय नाही फसवत."

त्यांच्या डाव्या कानात नेहमी अत्तराचा बोळा असे, हिन्याचा. सामना सुरू होण्याआधी ते तो काढत आणि माझ्या हातात देत. मी त्यांच्याच पोत्यावर, त्यांच्या पाठीला पाठ लावून, मैदानाकडे तोंड करून बसे. लोण मोजायचे काम माझे होते. एका हातात खडे, एका मुठीत बोळा. घरी आल्यावर रात्रीपर्यंत तळहाताला वास राही आणि वाचता वाचता पुस्तकाच्या पानांनाही लागे.

परगावी जायचे तर संघाने पायी जायचे, हा त्यांचा दंडक. एकदा देशमुखांनी, म्हणजे आमच्या गावच्या मोठ्या शेतवाल्यांनी, दोन दमण्या पाठवल्या. वस्तादांनी त्या परत धाडल्या. "बैल खेयनार हायेत का तुमी?" असे पोरांना विचारले. मी पायताण घालून चाललो होतो, तर मलाही म्हणाले, "मास्तर, तुमीबी काढा. रस्ता तुमाले काय म्हनते ते आयका." मी काढले. रस्ता मला काटे म्हणाला. पण त्या चालण्याची आज जी आठवण येते तशी कोणत्याही आगगाडीची येत नाही. पुढे वस्ताद, खांद्यावर पोते, मागे नऊ पोट्टे तुरीच्या शेतांमधून एका ओळीत, आणि सर्वांत शेवटी लंगडणारा मी.

ज्या वर्षाचे सांगायचे आहे, त्या वर्षी आम्ही पहिले चार सामने ओळीने जिंकलो. गावात काहीतरी चढले होते. न्हाव्याकडे, चक्कीवर, शाळेच्या ओसरीवर एकच बोलणे. देशमुखांनी खूश होऊन खामगावहून संघाला खाकी अर्ध्या चड्ड्या शिवून आणल्या. तोपर्यंत पोरे धोतराचा काचा मारून खेळत. तीनच सामने उरले होते आणि त्यांतला एक जिंकला तरी ढाल जवळजवळ आमची होती.

आम्ही धाडशी हरलो. घाटावरचे लोक दमदार, असे सगळे म्हणाले. मग सोनाळ्याशी हरलो, तेही आमच्याच मैदानावर. तेव्हा मात्र गाव बिथरले. कोणी म्हणाले नजर लागली. कोणी म्हणाले चड्ड्यांचा गुण. एका संध्याकाळी पोरांनी नऊच्या नऊ चड्ड्या धुऊन, घडी करून देशमुखांच्या ओट्यावर ठेवल्या. देशमुख संतापले. "माह्या कापडानं हारले म्हनता? मंग जितले ते कोनाच्या कापडानं, तुमच्या आज्याच्या?" पोरे खाली मान घालून परत आली. धोतरे नेसून एक मित्रत्वाचा सामना खेळली. तोही हरली.

शेवटचा सामना पिंपळगावशी होता. त्यांचे जय आमच्याइतकेच झाले होते. जो जिंकेल त्याची ढाल.

मी पाठीला पाठ लावून बसणारा, मैदानाकडे तोंड असलेला माणूस. मला दिसत होते. धाडच्या सामन्यात समोरचा गडी चौथ्या पाटीवरून निसटत होता आणि वस्ताद ओरडले, "पाचवी, धर!" पाचव्या पाटीवर आमचा रशीद होता. त्याच्यासमोर कोणी नव्हते. तरीही त्याने झेप घेतली, रिकाम्या हवेत, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या बाजूने गडी पार झाला. सोनाळ्याच्या सामन्यात हे सहा-सात वेळा झाले.

आणि पोरे काय समजत होती? त्यांना वाटत होते, हाक बरोबर आहे, आपणच कमी पडतो. सूरपाटी सांभाळणारा आमचा म्होरक्या सुपडा, त्याला मी एकदा बाजूला घेऊन विचारले, "समोर माणूस नसताना तुम्ही झेप का घेता?"

तो म्हणाला, "मास्तर, वस्तादनं सांगतलं त हात जाते. डोक्याले इचारत नाही."

"पण दिसते ना तुला?"

"दिसते त. पन माहं दिसनं खरं का वस्तादचं आयकनं खरं?"

हरल्यावर ही पोरे पहाटे उठून सराव करू लागली. जितका सराव वाढला तितकी ती हाकेला पक्की झाली, आणि हाक चुकत होती.

मला कळायला याहून आधी हवे होते. पौषात एकदा आम्ही नदीकाठी बसलो असताना असरची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची, अजान झाली. मशीद शंभर पावलांवर. वस्ताद बोलत राहिले. ज्या माणसाने अजान ऐकून सामना अर्ध्यावर थांबवलेला मी पाहिला होता, तो पानाला चुना लावत राहिला. मला वाटले, पुढच्या सामन्याचा विचार आहे, लक्ष नाही. मी आठवण करून दिली नाही. दुसऱ्याच्या नमाजात आपण कशाला बोलावे, असा माझा विचार.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, शाळा सुटल्यावर मी एक उशी घेऊन त्यांच्याकडे गेलो. उशी निमित्त होती. ते पिंजत होते. दारातच मी थांबलो. तातीचा आवाज नेहमीचा नव्हता. ती ढिली पडली होती. ओल्या ढोलकीसारखा भद भद आवाज येत होता. याच माणसाने एकदा तात किंचित चिरकी बोलते म्हणून खामगावच्या बाजारातून तीन ताती परत केल्या होत्या. आता ते त्या ढिल्या तातीवर मोगरी मारत होते, मान नेहमीसारखी लयीत हलत होती, आणि चेहऱ्यावर समाधान होते.

मी हाक मारली. मग पुन्हा मारली. मग त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. तेव्हा लक्षात आले की गेले महिनाभर ते असेच पाहत होते.

"तात ढिली आहे, वस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी बोटाने तात दाबून पाहिली. बराच वेळ बोट तिथेच ठेवले.

"कवापासून ठाऊक हाय तुमाले?"

"आज कळले." हे पूर्ण खरे नव्हते.

"दोन मोसम सरकी काढायच्या जिनात काम केलं ना मी," ते म्हणाले. "हातानं पिंजून घेते कोन आता? तिथं त मशीन बोलते, मानूस नाही बोलत. पह्यले कापूस नेला मशीनीनं, मंग कान नेले. पिंजाऱ्याचे कान कापसासंगंच जातीन ना. बरोबर हाय."

मी विचारले, "पोरांना सांगायचे?"

"सांगसान त जिंकतीन. हाव ना?"

"हो. ती हाक ऐकतात म्हणून हरतात."

"आन् मंग परवापासून मी कोन, मास्तर?"

मी उशीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिलो. पेटीभर पुस्तके वाचलेला माणूस मी. बाहेर एक शेळी मेंढ्यांच्या कळपात शिरली होती आणि कोणीतरी तिला शिव्या देत होते. वस्तादांना ते ऐकू येत नव्हते.

"जा तुमी," ते म्हणाले. "उशी ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी बाजार असूनही अर्धी दुकाने बंद होती. पिंपळगावची माणसे छकडे भरभरून आली. वस्ताद पोते घेऊन आले. मी बोळ्यासाठी हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. बोळा कानातच राहिला. मग त्यांनी पोते उचलून फिरवले आणि मैदानाकडे तोंड करून बसले.

पहिला डाव अडवायचा आमचा होता. पोरे पाट्यांवर उभी राहिली, पण त्यांचे लक्ष पोत्याकडे. हाक येईना. वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. समोरची पोरे आली, आमची हाकेची वाट पाहत थबकली, आणि बघता बघता पिंपळगावची दोन लोणे झाली. पिंपळगावचे लोक टोप्या उडवू लागले. एक जण ओरडला, "वस्ताद, आज डोये उघडले वाटते! उशीर झाला बे लय!"

सुपडा पाटी सोडून धावत आला. "वस्ताद, आवाज द्या ना. काऊन गप बसले?"

वस्तादांनी त्याचे ओठ पाहिले. मग बोलले. ऐकू न येणारी माणसे मोठ्याने बोलतात, तसे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भजी तळणाऱ्या बाईनेही ते ऐकले असेल.

"मले आयकू येत नाही, पोट्ट्या. पौषापासून येत नाही. धाडले तुमी हारले नाही, सोनायाले तुमी हारले नाही. मी हारलो. जा, आता तुमच्या डोयानं खेया."

तो ओरडणारा पिंपळगावचा माणूस खाली बसला. सुपडा तिथेच उभा राहिला, मग वाकला, वस्तादांच्या पायाला हात लावून तोच हात कपाळाला लावला आणि पाटीवर परत गेला.

त्यानंतर आमची पोरे जशी खेळली तशी मी पुन्हा कोणाला खेळताना पाहिले नाही. त्या डावात पिंपळगावला आणखी एकही लोण घेऊ दिले नाही. आमच्या डावात सुपडाने एक लोण आणले, दुसऱ्याने एक. बरोबरी झाली. वेळ संपत आली होती. रशीद तिसरे लोण घेऊन परत निघाला. एकेक पाटी हुकवत आला. शेवटच्या पाटीवर पिंपळगावचा उंच गडी होता. रशीदने त्याला डावीकडे खेचले, उजवीकडून उडी घेतली, आणि त्या गड्याची बोटे त्याच्या घोट्याला लागली. वीतभर अंतर राहिले असेल.

बरोबरीत ढाल मागच्या वर्षीच्या विजेत्याकडे राहते, असा नियम होता. मागच्या वर्षीचे विजेते पिंपळगाव होते.

ते ढाल घेऊन वाजतगाजत गेले. आमचे लोक पांगले. पोरे पाट्यांवरच बसून राहिली. रशीद गुडघ्यांत डोके घालून रडत होता. वस्ताद त्याच्याकडे पाहत होते. मी माझ्या मुठीतले खडे खाली टाकले.

मग वस्ताद म्हणाले, "मास्तर, हे असं दिसते काय?"

"काय?"

"खेय."

पंधरा वर्षे त्यांनी गावातल्या पोरांना शिकवले होते.

"रशीद पाटी वलांडते तवा डावा हात वर करते. पान्यात उतरनाऱ्या बगळ्यावानी. पाह्यलं तुमी?"

"हो. नेहमीच करतो तो."

"नेहमीच करते?" ते म्हणाले. "आन् कोनं सांगतलं नाही मले."

पुढच्या वर्षी पोरांनी त्यांचे पोते घरून आणले आणि जुन्या पद्धतीने, नदीकडे तोंड येईल असे ठेवले. वस्तादांनी ते फिरवून घेतले. दोन मोसम ते आले, पाहत बसले, कधी ओरडले नाहीत. सामना संपल्यावर एकेकाला बोलावून त्याचा हात कसा जातो, मान कशी वळते, ते हाताने करून दाखवत. मीही पोत्यावर बसे, पण आता त्यांच्या शेजारी. पाठीला पाठ लावून बसताना त्यांचा श्वास मला कळत असे. तो आता कळत नव्हता. ढाल आमच्या गावात कधी आली नाही.

मग माझी मेहकरला बदली झाली. वस्ताद गेल्याचे सुपडाच्या कार्डावरून कळले. त्याने तीनच ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी विचारले होते, "मास्तर, ती उशी तुमचीच ना, पाठवून देऊ का?" मी त्याला ती ठेवून घ्यायला कळवले. आता वाटते, मागवायला हवी होती.

पौषातल्या त्या दुपारी मी एवढेच म्हणायला हवे होते, की वस्ताद, अजान झाली. बाकीचे त्यांनी ओळखले असते, आणि धाडला जायच्या आधी ओळखले असते. मी त्यांचा मान राखला असे वर्षानुवर्षे स्वतःला सांगितले.

आट्यापाट्यांचे ते सामने बंद पडले. मागच्या वर्षी कामानिमित्त त्या बाजूला गेलो तेव्हा सुपडा मला नदीकाठी घेऊन गेला. मैदानाचे शेत झाले आहे, त्यात ज्वारी उभी होती. सुपडा सांगत होता की नांगरताना एका ओळीत वाळू निघते आणि दुसऱ्या ओळीत विटांचा चुरा.